जोडी फोडायची नाही

‘तुमच्या पुढे अठरा हजार चारशे बारा जण आहेत,’ असं फोनवर आलं आणि आजोबांनी मान वर करून पुढे पाहिलं. पुढे फक्त फ्रिज होता.

नात सकाळीच फोन त्यांच्या हातात देऊन परीक्षेला गेली होती. तिच्या लाडक्या गायिकेचा कार्यक्रम होता आणि सगळं जग तिकिटांमागे लागलं होतं. पहिल्या दिवशी साइटच बंद पडली. दुसऱ्या दिवशी नंबर चारशेवर आला आणि साइटने तिला बाहेर ढकललं. मग ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली, कुणाला कळू नये म्हणून. सगळ्यांना कळलं. आज शेवटची तिकिटं दहा वाजता सुटणार होती आणि पेपरही नेमका दहाचाच. आईची हॉस्पिटलात ड्यूटी. उरले आजोबा.

जाताना तिने चार घड्या घातलेली, वर पिन मारलेली एक चिठ्ठी टेबलावर ठेवली होती.

“आजोबा, नंबर लागला की दोन जागा येतील. कुठल्याही येऊ देत, हिरवं बटण दाबायचं. मग नावं विचारेल. पहिलं माझं टाका, दुसरं या चिठ्ठीत आहे. तोवर उघडायची नाही. शपथ!”

“पण हा दुसरा आहे तरी कोण?”

“शपथ म्हटलं ना!” असं जिन्यातून ऐकू आलं.

आता घरात आजोबा, फोन आणि चिठ्ठी. आजोबांनी चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. उघडायची नाही म्हणाली होती, उजेडात धरायची नाही असं कुठे म्हणाली होती? काही दिसलं मात्र नाही. त्यांना राहून राहून तो कॉलेजातला उंच मुलगा आठवत होता. दारात आला की स्वतःच्या बुटांशी बोलायचा. तोच असणार.

रांगांचं आजोबांना कुणी शिकवायला नको होतं. पस्तीस वर्षं ते थिएटरच्या तिकीट खिडकीत बसले होते. रांग म्हणजे खोकणारी, ढकलणारी, ‘जरा एकच द्या हो’ म्हणत मध्ये घुसणारी माणसं. या रांगेत ना खोकला, ना ओळख. नुसता एक आकडा, तोही आपल्या मर्जीने उतरणारा. आजोबांना या रांगेची गंमत वाटत होती. शिवाय तिकिटाच्या रांगेत उभं राहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

त्या नोकरीत त्यांनी शेकडो सिनेमे पाहिले, पण अर्ध्यातून. खेळ सुरू झाल्यावरही उशिरा येणाऱ्यांसाठी अर्धा तास खिडकी उघडी ठेवावी लागे. दिवे मालवले की आत हजार माणसं एकदम गप्प होत. ती शांतता आजोबांना भिंतीपलीकडून ऐकू यायची. सुरुवातीला काय झालं, ते मागाहून डोअरकीपर सांगायचा. एवढी वर्षं नातीला सिनेमाच्या गोष्टी सांगितल्या, त्याही मधूनच सुरू होणाऱ्या. ती त्यावरून त्यांना चिडवायची. टीव्हीवर आता सगळं पहिल्यापासून दिसतं म्हणा. पण ती शांतता टीव्हीवर कुठली?

बारा वाजून दहा मिनिटांनी आकडा शून्यावर आला.

पडद्यावर दोन जागा आल्या. एक पुढे, डाव्या बाजूला. दुसरी पार मागे, खांबाजवळ. खाली घड्याळ उलटं पळत होतं. दोन मिनिटं.

आजोबांचा अंगठा हिरव्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला.

फार वर्षांपूर्वी त्यांनी एका नव्या नवरा-बायकोला अशाच दोन टोकांच्या जागा दिल्या होत्या. ‘कुठल्याही चालतील,’ असं तेही म्हणाले होते. नंतर डोअरकीपरने सांगितलं, बाईंनी सिनेमा पाहिलाच नाही, तीन तास मान वळवून मागे बघत बसल्या. त्या दिवसापासून आजोबांनी नियम केला: जोडी फोडायची नाही. मालक ओरडला तरी मोडला नव्हता. आणि आज स्वतःच्या नातीचीच फोडायची? पोरं म्हणतात कुठल्याही चालतील, आणि मग मान दुखते.

खाली आणखी एक बटण होतं: ‘दुसऱ्या जागा शोधा.’ आजोबांनी ते दाबलं.

गोल चक्र फिरलं. खूप वेळ फिरलं. मग अक्षरं आली: ‘सर्व तिकिटं संपली आहेत.’

हाऊसफुल्लची पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने किती वेळा लावली होती. समोरून ती अशी दिसते, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं.

नात आली ती चपला न काढताच आत आली. आजोबांनी काही लपवलं नाही. ऐकता ऐकता ती खुर्चीत बसली.

“कुठल्याही येऊ देत, असं सांगितलं होतं ना हो, आजोबा!”

“चुकलंच माझं. जोडी फोडायला हात धजेना. आता त्या पोराला काय सांगशील?”

“कुठल्या पोराला?”

आजोबांनी चिठ्ठीकडे बोट केलं. नातीने डोळे पुसले आणि चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली.

“उघडा आता.”

त्यांनी नखाने पिन काढली. आत गोल अक्षरात त्यांचंच नाव होतं, पेन्शनच्या कागदावर असतं तसं, आडनावासकट. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘या वेळी अगदी सुरुवातीपासून.’

पस्तीस वर्षांत आजोबांनी खिडकीवरून हजारो लोकांना परत पाठवलं होतं. आज पहिल्यांदाच त्यांनी स्वतःला परत पाठवलं होतं.