टाकीतला झेंडू

टेम्पो खाली येऊन उभा राहिला तरी ऋतुजा काचेच्या टाकीपुढून हलली नव्हती. टाकीत मासे दोनच. बाकी सगळी प्रवाळं. शर्टाच्या गुंडीएवढाली, हिरवी, जांभळी, केशरी, खडकाला चिकटून दिव्याखाली उमललेली. जोतिरामनं, तिच्या नवऱ्यानं, एकेक निवडून आणलेली. तो गेल्यापासून ती ऋतुजानंच जगवली.

"आत्या, पाणी आटलं की फिल्टरचं साधंच पाणी घालायचं. मिठाचं नाही. पाणी तेवढं उडतं, मीठ आतच राहतं."

सासूनं, केराबाईंनी, मान हलवली. सोमवार होता. सोमवारी दिवेलागणीपर्यंत त्यांचं मौन. लेकाला स्मशानात नेलं तोही सोमवारच. त्या दिवशी त्यांनी भिंतीवर कपाळ आपटून घेतलं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

ऋतुजाला त्यांचा एक शब्दच हवा होता. परवा करकंबला तिचं दुसरं लग्न. भावानं जुळवलं तेव्हा सासूबाई 'व्हय' म्हणाल्या नव्हत्या, 'न्हाय'ही म्हणाल्या नव्हत्या. आणि भावाला टेम्पो मिळाला तो नेमका आजच.

धनाजी धापा टाकत वर आला. "ऋते, चल की गं! आन ती धाकटी काचेची पेटी, मिठाची बादली, दिवा... टेम्पोत कुणी आणून ठिवलं? करकंबच्या उसात समुद्र करायचाय व्हय?"

"मी नाही ठेवलं, दादा."

तिनं सासूकडं पाहिलं. ती पेटी म्हणजे जोतिरामची सगळ्यात पहिली टाकी. केराबाई खाली बघत होत्या. म्हणजे आपल्या माघारी या घरात आपलं काही उरू नये, म्हणून आत्तापासूनच काढून टाकतायत. ऋतुजा पाया पडायला वाकली.

केराबाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं. मग जोतिरामचे रबरी मोजे कोपरापर्यंत चढवले, त्याचा टाकीच्या कामाचा चष्मा डोळ्यांवर लावला. हातात छिन्नी. टाकीकडं बोट करून त्यांनी भुवया उंचावल्या : कुठला तुकडा?

ऋतुजाला समजायला वेळ लागला. "राहू द्या आत्या... बरं, ते कडेचं द्या. तपकिरी. साधं."

केराबाईंनी नकारार्थी मान हलवली. हात टाकीत घालून त्यांनी मधला केशरी खडक बाहेर काढला. 'झेंडू' म्हणायचा जोतिराम त्याला. मित्र मागून मागून थकले, पण त्यानं कधी कुणाला चिमूटभर दिला नाही.

छिन्नीचा एक घाव बसला. साऱ्या झेंडूनं तोंडं मिटून घेतली.

तुकडा टाकीच्याच पाण्यानं भरलेल्या डब्यात गेला. केराबाईंनी मोजे काढले, साबणानं हात खसखसून धुतले आणि देवघरातून तांदळाची वाटी आणली.

ऋतुजा मागं सरली. "आत्या, मला कशी भरता ओटी?"

दोघींच्याही कपाळाला कुंकू नव्हतं. अशीनं भरायची नाही, अशीची भरायची नाही, हे तिला या घरात शिकवलं ते केराबाईंनीच. दारात उभ्या धनाजीनं नकळत चपला काढल्या.

केराबाईंनी सुनेची ओढणी ओढून पसरली. तांदळाची ओंजळ घातली. नारळाच्या जागी डबा ठेवला.

दिवेलागणीपर्यंत अजून अख्खी दुपार जायची होती.

"मोजं घातल्याबिगर हात लावू नगंस," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा, जडावलेला. "इख असतंय त्यात."

ऋतुजानं ओटी दोन्ही हातांनी सावरून धरली.

"आन चार दिस मिटून ऱ्हाईल बग. मेलं म्हणून टाकून दिऊ नगंस."