बर्चची मूठ

केटलीचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे स्वयंपाकघरात कुणीतरी हललं. रिस्तिनने कॉफी खाली उतरवली.

टेबलावर दोन सुऱ्या. एक दुकानातली, चकचकीत, रबरी मुठीची. दुसरी तिच्या बाबांची. काळपट पोलाद, बर्चच्या लाकडाची मूठ, अंगठ्यापाशी झिजून खोलगट झालेली. बाबांना जाऊन हा दुसरा उन्हाळा.

उद्या रेनडिअरची पाडसं गोळा होणार होती. तिची आठ वर्षांची लेक आइली पहिल्यांदाच आपल्या पाडसाच्या कानावर मालकीची खूण कापणार होती. सुरी जिची तिने निवडायची, अशी रीत.

"नवी गंजणार नाही," ओव्लामामा म्हणाला. रिस्तिनचा थोरला भाऊ. गावातल्या निम्म्या सुऱ्या त्याच्या हातच्या. "पण धार गेली की माळावर बसून रडायचं. जुनीला दगडावर चार हात मारले की झालं. फक्त पुसून ठेवायची. तुझ्या आईसारखी ओलीच म्यानात सारायची नाही."

"एकदाच झालं होतं ते, दादा."

"बाबांनी आठवडाभर ऐकवलं होतं."

आइलीने आजोबांची सुरी उचलली. "हीच."

"डोळे मीट. मूठ आवळ," रिस्तिन म्हणाली. बाबा असंच सांगायचे. हाताला मूठ जाणवेनाशी झाली, की ती आपली.

"मोठी आहे गं. फिरतेय."

"मग तासावी लागेल," ओव्ला म्हणाला. "पाडसं धडपडतात. अशी फिरली तर कान राहील आणि बोट जाईल." तो बहिणीकडे बघत राहिला. "नाहीतर नवी घेऊ दे तिला. ही राहील भिंतीवर."

रिस्तिनने सुरी हातात घेतली. त्या खोलगट जागी अंगठा टेकवला. तिचा तिथे कधीच बसला नव्हता. तरी रोज एकदा ती टेकवून पाहायची.

"भिंतीला कशाला हवी सुरी?" ती म्हणाली. "तास, दादा."

तो तासत गेला. आइली मूठ आवळायची, मान हलवायची. तो पुन्हा तासायचा. कॉफी निवली. शेवटी आइली मूठ आवळून, डोळे मिटून उभी राहिली. मग हसली.

मूठ आता सरळ, पांढुरकी दिसत होती. आइलीने टेबलावरच्या कुरळ्या ढलप्या ओंजळीत गोळा केल्या आणि आईपुढे धरल्या.

"आई, यातला आजोबांचा अंगठा कुठला?"