बाळंतिणीला मानवेल असं गाव

चार वाजता पुण्याहून फोन यायचा होता, आणि साडेतीन वाजले तरी लंडन की सिंगापूर ते ठरत नव्हतं.

फैजपूरच्या बसस्टँडसमोर रुपचंदचं एसटीडी फोनचं दुकान. मे महिना, बाहेर पारा पंचेचाळीसवर. आत टेबलफॅनसमोर कुंदाबाई, तिचे मालक, केळीचे बागायतदार नथ्थूभाऊ आणि शाळेत भूगोल शिकवणारा धाकटा दीर शालिग्राम असे तिघं दाटीवाटीनं बसले होते. जावयाची कंपनी त्याला तीन वर्षांसाठी परदेशी धाडत होती. दोन शहरांतलं एक निवडून उद्या साहेबाला सांगायचं होतं. लेकीला, प्रमिलाला, दुसरा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण आता ते तिकडेच होणार, म्हणजे माहेरानंच उठून तिकडे जायचं. "आई, तुला जिथे यायला जमेल तेच गाव आम्ही घेऊ," असं तिनं कळवलं होतं.

कुंदाबाईनं आजवर नाशिकपलीकडचं काही पाहिलं नव्हतं. कालपासून तिचा पाय जमिनीला लागत नव्हता.

शालिग्रामनं वही उघडली. "ऐका वहिनी. जळगावच्या एजंटाकडे जाऊन आलो. लंडनचं विमान, जाऊन-येऊन सत्तावीस हजार. सिंगापूर सोळा."

"म्हंजे लंडन भरला ट्रक केळी," नथ्थूभाऊ म्हणाले. "अन् सिंगापूर अर्ध्या ट्रकाच्या थोडं वर."

"आता तिथली सिटीबस. लंडनला एका तिकिटाचे चाळीस रुपये पडतात. सिंगापूरला बारा."

"चाळीस!" कुंदाबाईनं गालावर हात ठेवला. "चाळीसमधी मी भुसावळले जाईन, येईन, अन् वरून भरताची वांगीबी आनीन."

"तिथं भरताची वांगी भेटत नाही वहिनी," रुपचंद गल्ल्यावरून म्हणाला. हा त्याच्या दुकानातला पहिलाच परदेशाचा मामला होता, त्यामुळे त्यानं दुसरं गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवलं होतं.

"आता हवामान," शालिग्रामनं पान उलटलं. "लंडनला डिसेंबर-जानेवारीत दोन ते आठ अंश. दुपारी चारला सूर्य मावळतो. सिंगापूरला बारा महिने तीस. पाऊस भरपूर. हिवाळा म्हणून नाहीच."

"केळीची हवा!" नथ्थूभाऊंनी मांडीवर थाप मारली. थंडीत पारा दहाच्या खाली उतरला की बांधाबांधावर धूर करून बाग जपणारा माणूस. कुठल्याही गावाची हवा त्यांना केळीवरूनच कळायची. "जिथं केळ जगत नाही तिथं मानसानं कायले जावं? सिंगापूर. ठरलं."

"भाऊ, तुमीबी जा मग," रुपचंद म्हणाला. "तिथं कोनाच्या तरी बागेत काम भेटीन."

सगळे हसले. कुंदाबाईही हसली. सिंगापूर तर सिंगापूर, विमान तर दोन्हीकडे होतंच. नथ्थूभाऊंनी समोरून उसाचा रस मागवला. ग्लास हातात आले आणि फोन वाजला.

कुंदाबाईनं झडप घातली. "पमे! माय, कशी हाये तू? पोटात काही ठरते का?"

शालिग्राम वही हलवून दाखवत होता. नथ्थूभाऊ नुसते ओठ हलवत होते: सिंगापूर, सिंगापूर.

"इथं?" कुंदाबाई फोनमध्ये म्हणाली. "इथं काय विचारतं माय. पंचेचाळीस. पंखाबी गरमच वारा फेकून राह्यला..."

ती बोलता बोलता थांबली. बाहेर रस्त्यावर एक कुत्रंही नव्हतं. पदरानं तिनं गळा पुसला.

"लंडन," ती म्हणाली. "लंडन घ्या."

"अवं!" नथ्थूभाऊंचा रस सांडला. "भरला ट्रक व्हतो!"

कुंदाबाईनं फोन छातीशी धरला आणि ती नवऱ्याकडे वळली. "केळीची हवा पाह्यली तुमी. बाळंतिनीची कोनं पाह्यली? पमी झाली तवा असाच वैशाख व्हता. बाजेखाली शेगडी, अंगावर घोंगडी, अन् सासूबाई म्हनत, डिंकाचा लाडू खाय. लाडू तोंडात घेतला की कानातून वाफ निघे. चाळीस दिवस मी रडली. थंडीतलं बाळंतपन राजाच्या घरचं म्हनतात. माह्या लेकीले ते भेटून राह्यलं, अन् तुमी ट्रक मोजता?"

ते चाळीस दिवस नथ्थूभाऊंनाही आठवत असावेत. त्यांनी सांडलेल्या रसाकडे बघितलं, मग शालिग्रामकडे. शालिग्रामनं हळूच वही मिटली.

फोनमधून प्रमिलाचा आवाज दुकानभर ऐकू येत होता. "आई, खरंच? अगं, मला लंडनच हवं होतं! तुला जड जाईल म्हणून बोलले नाही!"

"जड कसलं?" कुंदाबाई ओरडली. तिला ओरडल्याशिवाय बोलताच येत नव्हतं. "लाडू मात्र किती आनू ते सांग. इमानात किती धरतात?"

फोन झाला तसे सगळे बाहेर पडले. रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत होतं. चार दुकानं सोडून वनाशेठचं कापडाचं दुकान. वनाशेठ गादीवर बनियनमध्ये पेंगत होता. कुंदाबाईनं काय मागितलं ते त्यानं दोनदा विचारून घेतलं, मग शिडी लावली, माळ्यावर चढला आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा एक गठ्ठा खाली टाकला.

तिनं त्यातला जाड मरून स्वेटर उचलला, लुगड्यावरून चढवला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. आरशात तिनं स्वतःला पुढून पाहिलं, वळून पाठमोरं पाहिलं.

"याच्याहून ढगळ दाखव शेठ," ती म्हणाली. "आतून अजून एक घालावा लागीन."