मिस्त्रींचा कान

आतल्या खोलीतून "हं" असा आवाज आला आणि तिने लोखंड कातायचं लेथ बंद केलं.

टूल मागे घेतलं, तुकडा पकडून फिरणारा चक थांबेपर्यंत वाट पाहिली, कातलेल्या तबकडीला मायक्रोमीटर लावला. माप बरोबर होतं. पुन्हा लावला. तेवढंच. ती आत गेली. मिस्त्री उशांना टेकून छताकडे बघत पडले होते.

"अहो, माप तर चोख आहे," ती त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली.

नवऱ्याने मान हलवली, की ती नुसतीच कलली, हे तिला कळलं नाही. तिने तबकडी भंगाराच्या डब्यात टाकली आणि नवा तुकडा चकात आवळला.

अर्धांगाच्या झटक्याला दहा महिने झाले होते. त्याआधी तीस वर्षं मिस्त्री घराच्या मागच्या खोलीत लोकांच्या जुन्या लेथना लागणारे, बाजारात न मिळणारे भाग घडवून देत. ती शेजारी बसून कडा घासायची, हिशोब ठेवायची, चहा करायची, लेथला मात्र हात लावायची नाही. "लोखंड बोलतं," मिस्त्री म्हणायचे. "टूल बोथट झालं की आधी कानाला कळतं, डोळ्याला मागाहून." झटक्यात उजवं अंग गेलं, शब्द गेले. उरला एक "हं".

लेथ धूळ खात पडलेलं बघवेना, म्हणून एक दिवस तीच उभी राहिली. पहिल्याच कटाला आतून "हं" आलं. तिने टूल तपासलं. खरंच तिरकं बसलं होतं. तिला रडू फुटलं. माणूस अजून कामावर होता तर! तेव्हापासून ठरूनच गेलं. "हं" आलं की काहीतरी बिघडलंय. गप्प राहिले की चालू द्यायचं.

घड्याळजी तिसऱ्यांदा विचारायला आले. त्यांच्या छोट्या लेथवर चक बसवायची तबकडी हवी होती. तिच्यावाचून त्यांचं काम अडलं होतं.

"वहिनी, अजून नाही?"

"चार केल्या. चारही यांनी नापास केल्या."

"मी एखादी बघू का? मला चालेल कदाचित."

"यांनी पास केल्याशिवाय या घरातून काही बाहेर जात नाही, भाऊजी."

घड्याळजी हसले. "खरंय. हात तुमचे, कान त्यांचा."

ते गेल्यावर ती काळे हात तसेच घेऊन पलंगापाशी गेली. "काय चुकतंय माझं? बोटाने तरी दाखवा! मी काय आईच्या पोटातून शिकून आलेय?" मिस्त्री तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. तिची तिलाच लाज वाटली. पदराने तिने ते पुसलं, तर गालावर काळा पट्टा उमटला.

पाचव्या तबकडीला तिने श्वास रोखून कट दिला. एक. दुसरा. शेवटचा. आतून काहीच आलं नाही.

संध्याकाळी घड्याळजींचा फोन आला. "वहिनी, अशी बसली की मिस्त्रींनीच केल्यासारखी!" तिने धावत जाऊन सांगितलं. मिस्त्री अर्ध्या तोंडाने हसले. दहा महिन्यांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी वाचा-उपचाराच्या बाई आल्या. नंबर लागायलाच इतके दिवस गेले होते. त्यांनी मिस्त्रींची जीभ पाहिली, डोळे पाहिले. मग त्या पलंगामागे गेल्या आणि तिथे एक घंटा वाजवली. दोनदा. मग स्टीलचं ताट जमिनीवर सोडलं. ती दचकली. मिस्त्री छताकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांच्या घशातून "हं" निघालं.

"हे आपोआप होतं, श्वासाबरोबर," बाई वहीत लिहीत म्हणाल्या. "समोरून बोललात की ओठांवरून ओळखतात, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल. झटका आला त्या दिवसापासून त्यांना काहीही ऐकू येत नाहीये."