लहान लेकरामागं

बाळ दीड वर्षाचं झालं, अंगावरचं दूध सुटलं, तरी तनुजाचा थायरॉईड गोळ्यांनी आटोक्यात येईना. डॉक्टर म्हणाले, "ग्रेव्हज आजार आहे, थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करतोय. आता ऑपरेशन करा, नाहीतर किरणोत्सर्गी आयोडीन घ्या. आयोडीन घेतलं तर पंधरा दिवस बाळापासून लांब राहावं लागेल."

"मग ऑपरेशनच करा," तिचा नवरा गोकुळ लगेच म्हणाला. "लेकराला कोण बघंल?"

तनुजानं त्याच्याकडं न बघता आयोडीन निवडलं आणि बजाजनगरच्या घरात वरच्या खोलीत एकटी राहू लागली.

चौथ्या दिवशी खालून गोकुळचा फोन आला. "छाती धडधडती, हात कापतात, झोप तर नायच. मलाबी तुझाच आजार झाला काय?"

"नाय हो, लहान लेकरामागं असं होतंच," तनुजा म्हणाली. "मला डॉक्टरकडं न्यायच्या आधी सहा महिने तुम्ही हेच सांगत होता."