बिनमिठाचे पापड

आकडा पुन्हा तोच आला. शंभर ग्रॅम पापडात सातशे मिलिग्रॅम सोडियम. स्वरूपाने तिसऱ्यांदा पापड जाळून राख केली होती, त्या राखेचं पाणी यंत्राच्या ज्योतीत सोडलं होतं, आणि तिन्ही वेळा ज्योत पिवळीधमक झाली होती. एरवी तिने अहवालावर सही ठोकून दिली असती. आज हात धजत नव्हता.

बारामतीच्या त्या प्रयोगशाळेबाहेर, बाकावर, सणसरच्या सिंधुबाई बसल्या होत्या. त्यांच्या बचत गटाला पाकिटावर 'बिनमिठाचे' असं छापायचं होतं. पण जीव अडकला होता तो दुसरीकडेच. हे पापड त्यांनी पहिल्यांदा केले ते नवऱ्यासाठी. महिपतरावांची मूत्रपिंडं अधू, डॉक्टरांनी मीठ तोडलेलं. जेवणाला चव यावी म्हणून बाई दोन्ही वेळा चार-चार पापड वाढायच्या, तरी त्यांच्या पायांची सूज हटेना. डॉक्टर म्हणत, मीठ कुठून तरी पोटात जातंय.

स्वरूपाने आकडा सांगितला तशा सिंधुबाई तापल्या. पिठात मिठाचा कणही नाही, यंत्र तपासून घ्या म्हणाल्या. मीठ कुठून जातंय हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असंही त्यांनी सांगून टाकलं. मालक चोरून खात होते. सहा महिने घरात यावरून खटके उडत होते, आणि मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या तोंडाने तसं कबूल केलं होतं.

"मिठाचं नाही विचारत, मावशी. पापडखार किती घालता?"

"किलोला चार चमचं. मीठ न्हाय म्हणून जरा जास्तच. पापड फुलाया पायजे ना."

मिठात जे सोडियम तेच खारातही, हे स्वरूपाने जमेल तितक्या हळू सांगितलं. सांगताना तिलाच फार वाईट वाटलं.

 सिंधुबाई सुनेला फोन करून, मालकांना पापड वाढू नको, एवढंच बोलल्या. मग त्यांनी फोन पिशवीत ठेवला.

स्वरूपाला राहवलं नाही. "मग त्यांनी कबूल कशाला केलं?"

"मी त्यांचा हात धरला आन् नातीच्या डोक्यावर ठेवाया गेले," सिंधुबाई म्हणाल्या. "म्हनलं, घ्या शपथ, खात न्हाय म्हणून. त्यांनी हात मागं वढला. म्हनले, खातो मी चोरून, पण पोरीला मधी आणू नको."