मेनाहेमची नोंद

"मेनाहेम नाहीच म्हणतोय हा," दिनामावशी म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी हिब्रूत नाव टाइप केलं होतं आणि तिसऱ्यांदा लॅपटॉपवर तेच उत्तर आलं होतं: नोंद सापडली नाही.

ठाण्यातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या एका जुन्या दफनभूमीच्या अकराशे नोंदी त्या लॅपटॉपमध्ये होत्या. वर्तकनगरची ऋजुता त्या नीट लावून द्यायला आलेली. मूळ रजिस्टर वाळवीने कधीच संपवलं होतं. दिनामावशी बारा वर्षांच्या असताना घरचे सगळे ठाणं सोडून इस्रायलला गेले. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या धाकट्या भावाची, मेनाहेमची, कबर बघायला आल्या होत्या. तिथले सगळे दगड मातीत खचलेले, वर गवत. कबरीचा नंबर काय तो नोंदीतच. परतीचं विमान उद्याचं.

ऋजुताने वासंतीकाकूंकडे पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी ते रजिस्टर कॉम्प्युटरवर घेतलं होतं ते त्यांनीच.

"एकेक अक्षर ताडून पाहिलेलं गं मी," काकू म्हणाल्या. "भाषा येत नव्हती, म्हणून रांगोळी काढावी तसं टाइप केलं. एक नाव गाळलं नाही."

दिनामावशी यादी खाली सरकवत राहिल्या. एका नावावर त्यांचं बोट थांबलं.

"हे अक्षर बघ. हे शब्दाच्या शेवटीच येतं. इथे सुरुवातीला कसं?" त्यांनी तेच नाव दुसऱ्या टोकाकडून वाचलं. "अब्राहम! अगं, सगळी नावं उलटी आहेत."

ऋजुता सरसावून बसली. "काकू, हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर अक्षरं डावीकडूनच पडायची ना?"

"हो. म्हणून मी शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करायचे. तेव्हा कुठे रजिस्टरसारखं दिसायचं."

"आताचा कॉम्प्युटर हिब्रू आपणहून उजवीकडून मांडतो. म्हणून तुमचं सरळ होतं ते उलटं झालं."

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे इतकी वर्षं कुणाला कुणीच सापडलं नाही?"

ऋजुताने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तिने चार ओळींचा प्रोग्राम लिहून नावं उलटवली. त्यात सालंही उलटली, १९६३चं ३६९१ झालं. तिने ते पुसलं आणि दुसऱ्यांदा फक्त हिब्रू अक्षरांना हात लावला.

"टाका आता नाव, मावशी."

दिनामावशींनी टाइप केलं. एकच नोंद उघडली. मेनाहेम, वय सहा, कबर क्रमांक दोनशे बारा. खाली दफनभूमीच्या राखणदाराने लिहून ठेवलेला शेरा मराठीत होता. वासंतीकाकूंनी तोही जसाच्या तसा उतरवला होता.

'आई शनिवार सोडून रोज दुपारी येते. फाटक उघडून द्यावे.'

दिनामावशींनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आम्हाला म्हणायची, मंडईत जाऊन येते," त्या म्हणाल्या. "आणि रिकामीच पिशवी घेऊन परत यायची. आम्ही हसायचो तिला."